कळीचा व्रण

कॅन्डिडा अल्बिकन्स या बुरशीची पेशी लंबगोल असते, मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढी, आणि तिच्या अंगावर कुठेतरी एक वर्तुळाकार खूण असते. साध्या प्रकाशात ती सहसा नजरेत भरत नाही. पण काचपट्टीवर कॅल्कोफ्लोर व्हाइट या रंगद्रव्याचा थेंब सोडून सूक्ष्मदर्शकाचा दिवा अतिनील केला, की सगळी पेशी मंद निळसर उजळते आणि त्या मंदपणात ही खूण तेवढी लख्ख कड्यासारखी उठून दिसते. या पेशीची वाढ कळीने होते. आईच्या अंगावर एक फुगवटा येतो, तो भरतो, गोलावतो, मध्ये पडदा धरतो आणि एके क्षणी लेक वेगळी होते. आंबा देठापासून सुटला की माथ्यावर एक गोल जागा उरते आणि चीक येतो तो नेमका तिथूनच. तसा हा कळीचा व्रण. लेकीच्या अंगावरही जन्माची अशीच एक खूण राहते. बुरशी आणि माणूस यांच्यातला फार मोठा संवाद या एवढ्याशा वर्तुळातून चालतो, म्हणून आपण या व्रणापाशी जरा रेंगाळू या.

ही बुरशी आपल्याला परकी नाही. असंख्य निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यांत ती कोणाला कळूही न देता नांदत असते. तान्ह्या बाळाच्या जिभेवर कधी पांढरा थर धरते, मधुमेहात त्वचेच्या घड्यांत डोके वर काढते, आणि अतिदक्षता विभागातल्या एखाद्या दुर्बळ रुग्णाच्या रक्तात उतरली तर जिवावर उठते. शेजार आणि वैर या दोन टोकांमधला तिचा बराचसा प्रवास तिच्या अंगावरच्या भिंतीने ठरतो. आपल्या पेशींना भिंत नसते, फक्त नाजूक पटल असते. बुरशीच्या पेशीला मात्र पटलाबाहेर चांगली जाड, ताठ आणि लवचिक अशी भिंत असते, आणि ती भिंत जवळजवळ पूर्णपणे साखरेची असते.

साखरेची भिंत म्हटल्यावर काही तरी ठिसूळ, विरघळून जाणारे डोळ्यांपुढे येते. ते चित्र बाजूला ठेवून आपण आत डोकावू. कॅन्डिडाच्या भिंतीत निम्म्याहून अधिक भाग ग्लुकानचा, म्हणजे ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्यांचा असतो. ग्लुकोज तेच, जे आपल्या रक्तातून वाहते. मग वेगळेपण कशात? ते सगळे जोडणीत आहे. ग्लुकोजच्या रेणूतल्या कार्बनांना क्रमांक असतात. एका रेणूचा पहिला कार्बन पुढच्या रेणूच्या चौथ्या कार्बनाशी एका विशिष्ट बाजूने जोडला गेला, की पिष्ट होते, आपल्या ताटातला भात होतो. तोच पहिला, तोच चौथा, पण बाजू उलटी, की साखळी सरळसोट ताणली जाते, शेजारच्या साखळ्यांना चिकटते आणि सेल्युलोज होते. कापसाचा धागा तो हाच. आता चौथ्याऐवजी तिसरा कार्बन धरा, बाजू कापसाचीच ठेवा: साखळी सरळ राहतच नाही, ती वळते, अशा तीन साखळ्या एकमेकींभोवती गुंफल्या जातात आणि एक पीळदार, दाबल्यावर पुन्हा उसळी घेणारा तंतू तयार होतो. हे बीटा-१,३-ग्लुकान. भात, कापूस आणि बुरशीची भिंत, तिन्हींची वीट एकच आणि तिन्हींचे स्वभाव किती निराळे! एका क्रमांकाच्या फरकाने द्रव्याचे शील बदलते, ही गोष्ट मला रसायनातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते.

या पिळदार जाळ्याच्या सगळ्यांत आत, पटलाला लागून, कायटिन असते. त्याचे प्रमाण अगदी थोडे, शेकड्याला एक ते तीन, पण ताठरपणाची बरीचशी मदार त्याच्यावर. खेकड्याचे कवच, कोळंबीची साल, झुरळाचे अंग ज्या द्रव्याचे, तेच हे. गंमत म्हणजे माणसाला कायटिनची पहिली ओळख खेकड्यातून झाली नाही. १८११ मध्ये आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञाने ते अळंब्यांतून वेगळे केले. कळीच्या व्रणापाशी जे कडे निळे चमकते, ते या कायटिनचे. आणि या सगळ्याच्या बाहेर, जगाकडे तोंड करून, मॅनानची झालर असते: प्रथिनांना चिकटलेल्या मॅनोज साखरेच्या फांद्याफांद्यांच्या साखळ्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेल्या छेदचित्रात हे फार देखणे दिसते. आतला पट्टा फिकट आणि शांत, आणि त्याच्या बाहेर एकमेकींना बिलगून उभ्या असलेल्या बारीक काळ्या रेघांची दाट किनार.

आपले शरीर बीटा-१,३-ग्लुकान बनवत नाही, कायटिनही बनवत नाही. ही दोन वाक्ये आपण मनात पक्की ठेवू, कारण पुढचे सगळे नाट्य त्यांतून उमलते. जे आपले नाही ते ओळखायचे, हा प्रतिकारयंत्रणेचा धर्म; आणि जे आपले कधीच नव्हते, शिवाय जे टाकून दिले तर बुरशी जगूच शकत नाही, त्याहून विश्वासार्ह ओळखखूण दुसरी कोणती?

या खुणेचा माग माणसाने फार उशिरा काढला, तरी तिचा प्रत्यय जुना होता. यीस्टच्या पेशी उकळून, धुऊन, आतले सगळे काढून टाकले की उरते ते भिंतींचे चूर्ण, झायमोसान. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये लुई पिलेमर या शास्त्रज्ञाने या चूर्णावर वर्षानुवर्षे काम केले. रक्तद्रवात ते मिसळले की जंतूंवर तुटून पडणाऱ्या पूरक प्रथिनांची साखळी जागी होते, आणि त्यासाठी प्रतिपिंडांची गरज लागत नाही, असे त्याला दिसले. त्यामागचे एक प्रथिन, प्रॉपर्डिन, त्याने १९५४ मध्ये जगापुढे ठेवले. प्रतिपिंडाविना प्रतिकार ही कल्पना त्या काळाला पेलवली नाही. त्याच्या प्रयोगांवर कडक आक्षेप आले आणि १९५७ मध्ये तो गेला. पुढे त्याच मार्गाचा स्वतंत्र पुरावा हाती आला, १९७० च्या दशकात तो सर्वमान्य झाला आणि आज वैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी तो पूरक प्रथिनांचा पर्यायी मार्ग म्हणून शिकतो. पिलेमरचे नाव त्या धड्यात क्वचितच येते, ही खंत इथे नोंदवली पाहिजे. साखरेच्या भिंतीसमोर आपले रक्त गप्प बसत नाही, हे त्याला आधी दिसले होते.

मात्र जंतू गिळणारी भक्षकपेशी ही साखर नेमकी कशाने ओळखते, हे उलगडायला २००१ साल उजाडावे लागले. ऑक्सफर्डमध्ये गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी दाखवून दिले, की डेक्टिन-१ नावाचे ग्राही प्रथिन बीटा-ग्लुकानला धरते. वर्षभरापूर्वीच हे प्रथिन दुसऱ्या एका कामाच्या निमित्ताने सापडले होते. बुरशीशी त्याचे नाते असेल अशी कोणाला कल्पना नव्हती. त्याची घडण साधी आहे. पेशीच्या बाहेर साखर धरणारे एकच टोक, मध्ये पटलातून गेलेला दांडा आणि आत एक आखूड शेपूट. त्या शेपटावर संदेश पुढे पोचवण्यासाठी लागणारी जी रासायनिक सही असते, ती इतर अनेक ग्राहींवर पूर्ण असते. डेक्टिन-१ वर मात्र अर्धीच. त्यामुळे दोन डेक्टिन शेजारीशेजारी आले, तरच आतला सिक नावाचा एन्झाइम त्यांच्यावर नीट बसतो, असे मानले जाते. एकट्याने काही बोलायचे नाही, सोबत मिळाली की बोलायचे, अशी ही रचना आहे.

त्याहूनही मनोहर आहे ती २०११ मध्ये डेव्हिड अंडरहिल आणि हेलन गुडरिज यांच्या गटाने उलगडलेली गोष्ट. बीटा-ग्लुकान पाण्यात विरघळलेल्या सुट्या रूपात असले, तर डेक्टिन-१ त्याला धरते खरे, पण भक्षकपेशी हलत नाही. तेच ग्लुकान एखाद्या कणाच्या पृष्ठावर दाटीने बसलेले असले, की पेशी एकदम जागी होते, कणाला कवेत घेते आणि गिळते. रेणू तोच, ग्राही तोच. मग हा विवेक पेशीला येतो कुठून? भक्षकपेशीच्या पटलावर सीडी-४५ आणि सीडी-१४८ अशी दोन प्रथिने असतात आणि डेक्टिनने सुरू केलेला प्रत्येक संदेश ती लगोलग पुसत असतात. कण पटलाला घट्ट बिलगला, की त्या दोन पृष्ठांमधल्या चिंचोळ्या फटीतून ही प्रथिने बाहेर ढकलली जातात. स्पर्शाच्या वर्तुळात फक्त डेक्टिन उरतात आणि पुसणारे वर्तुळाच्या कडेला साचतात. आता संदेश पुसायला तिथे कोणीच नाही. सूक्ष्मदर्शकातल्या चित्रांत हे वर्तुळ रंगवून दाखवलेले असते: आत एक रंग, भोवती दुसऱ्या रंगाचे कडे. दूरवरून वाहत आलेल्या तुकड्यांवर शक्ती खर्च करायची नाही, शत्रू अंगाला भिडला तरच उठायचे, ही जाण कोणत्याही मेंदूशिवाय, निव्वळ जागेच्या तंगीतून निर्माण होते. हा प्रसंग वाचताना मी प्रत्येक वेळी थांबतो. एखाद्या कवितेतली न लिहिलेली ओळ जशी अर्थ उजळून जाते, तसे इथे दोन प्रथिनांचे नसणे अर्थ देऊन जाते.

आता आपण पुन्हा व्रणाकडे येऊ. ग्लुकान आत आणि मॅनानची झालर बाहेर. म्हणजे डेक्टिनला जे हवे ते झाकलेले. शाबूत, तरुण कॅन्डिडा पेशीवर बीटा-ग्लुकानला चिकटणारे प्रतिपिंड सोडले, तर बहुतेक पृष्ठ अंधारेच राहते. उजळतात ते काही ठिपके, आणि ते असतात कळीच्या व्रणापाशी. लेक सुटताना जी डागडुजी होते, ती पुरती बुजत नाही. झालर तिथे विरळ राहते आणि आतले ग्लुकान उघडे पडते. २००५ मध्ये अंडरहिल यांच्याच गटाने, तेव्हा सिअॅटलमध्ये, हे दाखवले आणि त्याला जोडून आणखी एक गोष्ट दाखवली. ३७ अंश तापमान आणि रक्तद्रव मिळाला की कॅन्डिडा कळ्या सोडायचे थांबवून तंतू सोडते. रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत आजही तिची ओळख अशीच पटवतात. रक्तद्रवात दोनतीन तास ठेवायचे आणि पेशीला नळीसारखा कोंब फुटला का ते पाहायचे. हा तंतू वाढतो तो टोकाने, अखंड. त्यातून कोणी सुटत नाही, म्हणून त्याच्यावर व्रण नाही, म्हणून डेक्टिन-१ ला पकडायला जागा नाही. ऊतींत घुसणारे रूप हेच, आणि नेमके हेच रूप या एका पहारेकऱ्यापुरते झाकलेले! इतर ग्राही त्याला ओळखतातच, आणि पुढच्या अभ्यासांत तंतूवरही काही वेळा, काही ठिकाणी ग्लुकान उघडे दिसले आहे. पण मूळ निरीक्षणाची नजाकत त्याने उणी होत नाही. जन्म देणाऱ्या रूपाला ओळखीचा धोका पत्करावा लागतो, हे त्यात आहेच.

मॅनान हा केवळ पडदा आहे असे समजणे त्याच्यावर अन्याय करणारे होईल. त्याला ओळखणारेही आपल्याकडे आहेत. डेक्टिन-२ मॅनोजच्या एका धाटणीच्या साखळ्या धरते, मॅनोज-ग्राही दुसऱ्या, आणि आणखी काही ग्राही पटलावर आपापली साखर शोधत असतात. शिवाय माणसाच्या रक्तातल्या न्यूट्रोफिल या भक्षकपेशी ग्लुकान ओळखताना डेक्टिनपेक्षा सीआर-३ या वेगळ्याच ग्राहीवर अधिक विसंबतात. एकाच भिंतीचे असे अनेक वाचक आहेत, प्रत्येकाला एकेक अक्षर येते, आणि सगळ्यांनी वाचलेले एकत्र येऊन शरीराचा प्रतिसाद ठरतो. डेक्टिनकडून निघालेला निरोप सिक आणि कार्ड-९ अशा टप्प्यांनी पेशीकेंद्रापर्यंत जातो, तिथून इंटरल्यूकिन-१७ सोडणाऱ्या लिम्फपेशींना बोलावणे जाते, आणि त्या तोंडाचे, त्वचेचे रक्षण करतात.

या साखळीतला एखादा दुवा माणसांतच तुटलेला असला तर काय होते, हे २००९ मध्ये एकाच वेळी दोन कुटुंबांच्या अभ्यासांतून कळले. एका कुटुंबात डेक्टिन-१ अपुरे बनत होते. त्या कुटुंबातल्या बाधित बायकांना योनिमार्गाचा कॅन्डिडा-संसर्ग किंवा नखांची बुरशी पुनःपुन्हा होत राहिली, पण त्यापुढे आजार गेला नाही. दुसऱ्या, इराणमधल्या कुटुंबात बिघाड कार्ड-९ मध्ये होता. तिथे बुरशी मेंदूपर्यंत गेली आणि काही मुले दगावली. एक ग्राही गेले तर इतर सांभाळून घेतात. पण अनेक ग्राहींचे निरोप जिथे एकत्र येतात तो सांधाच निखळला, तर सावरणे कठीण.

झाकण्याची कला एकट्या कॅन्डिडाकडे नाही, आणि प्रत्येक बुरशीची तऱ्हा निराळी आहे. वटवाघळांच्या गुहांतल्या मातीत वाढणारी हिस्टोप्लाझ्मा आपल्या बीटा-ग्लुकानवर अल्फा-ग्लुकानचे लिंपण चढवते. साखर तीच, जोडणीतले क्रमांकही तेच, फक्त बाजू उलटी, आणि डेक्टिन-१ ला ती दिसेनाशी होते. हे २००७ मध्ये सिद्ध झाले. इतके करूनही कुठे ग्लुकानचे टोक बाहेर राहिलेच, तर ते छाटून टाकणारा एन्झाइमही तिच्याजवळ आहे. ॲस्परजिलसची तऱ्हा तर आपल्या रोजच्या श्वासाशी निगडित. त्याचे दोनतीन मायक्रॉनचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात, माणूस दिवसाकाठी शेकड्यांनी ते आत घेतो, आणि तरी फुफ्फुसांत रोज वणवा पेटत नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ज्याँ-पॉल लातजे आणि विशुकुमार आयमानिअंद यांनी २००९ मध्ये त्याचे कारण दाखवले. बीजाणूवर रॉड-ए या पाणी न धरणाऱ्या प्रथिनाचा एक सलग थर असतो, बारीक काड्या एकमेकींना समांतर रचाव्यात तशा विणीचा. तो आम्लाने काढून टाकला, किंवा त्याचे जनुकच नसलेला बीजाणू घेतला, की तोच निरुपद्रवी बीजाणू भक्षकपेशींना पेटवतो. आणि बीजाणू ओलसर उबेत रुजू लागला की फुगतो, थर तडकतो, आतले ग्लुकान बाहेर येते. म्हणजे झोपलेल्याला शरीर हात लावत नाही; जागा झालेल्यालाच ओळखते. किती समंजस हिशेब!

आणि क्रिप्टोकॉकस! त्याचे दर्शन ज्याने एकदा घेतले तो ते विसरत नाही. मेंदूज्वराच्या रुग्णाच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा, त्यात इंडिया इंकचा एक थेंब मिसळायचा, वर काचेची पातळ चकती ठेवायची. शाईचे काळे कण सगळे क्षेत्र व्यापतात, पण काही ठिकाणी ते शिरू शकत नाहीत. तिथे काळोखात स्वच्छ, उजळ वर्तुळे उघडतात, आणि प्रत्येक वर्तुळाच्या मधोमध एक लहानशी गोल पेशी, कधी कडेला कळी धरलेली. ते उजळ वलय म्हणजे ग्लुक्युरोनोझायलोमॅनान या लांब नावाच्या साखरेचा पाणीदार कोष. ज्या साखरेला शाई शिवू शकत नाही, तिला भक्षकपेशीही सहजी शिवू शकत नाही. एड्सच्या रुग्णांत या कोषधारी पेशीने फार माणसे नेली आहेत. आणि तीच साखर कोषातून सुटून रक्तात, कण्यातल्या पाण्यात फिरत राहते म्हणून कागदी पट्टीच्या साध्या चाचणीने रोग काही मिनिटांत पकडताही येतो. लपवणारेच द्रव्य पत्ता सांगते. या वलयाचे सौंदर्य न्याहाळताना ते कोणाच्या कण्यातून आले आहे, हे मनातून जाऊ देता येत नाही, आणि जाऊ देऊही नये.

झाकणे आणि उघडणे हे स्थिर नसते, हे ध्यानात आले की भिंत जिवंत वाटू लागते. २०१६ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन विद्यापीठातल्या गटाने दाखवले, की आजूबाजूला लॅक्टेट असले, तर कॅन्डिडा आपले उघडे ग्लुकान झाकून घेते. लॅक्टेट कोणाचे? योनिमार्गात आणि आतड्यात आपल्याबरोबर राहणाऱ्या जीवाणूंचे. म्हणजे शेजाऱ्याच्या उच्छ्वासावरून बुरशी ओळखते, की आपण माणसाच्या अंगात आहोत, आणि पदर सावरते. उलट, न्यूट्रोफिल पेशींनी तंतूवर हल्ला चढवला, की घाव पडलेल्या जागी भिंतीची फेररचना होते, कायटिन वाढते आणि ग्लुकान उघडे पडते; पहिल्या फळीने केलेल्या घावामुळे मागून येणाऱ्यांना ओळख सोपी होते.

औषधांची गोष्ट इथे आपसूक येते. पटलात बसून बीटा-१,३-ग्लुकान विणणारा एक एन्झाइम असतो. त्यालाच अडवणारी द्रव्ये बुरशींपासूनच मिळाली. त्यांतले कॅस्पोफंजिन २००१ पासून वापरात आहे. त्याचे मूळ द्रव्य देणारी बुरशी स्पेनमधल्या लोझोया नदीच्या खोऱ्यात सापडली होती आणि तिच्या नावात ती नदी आजही आहे. आपल्या पेशींत हे ग्लुकानच नसल्याने औषधाचा रोख बहुतांशी बुरशीवरच राहतो. पण मला अधिक मोहवतो तो त्याचा दुसरा परिणाम. मारू शकणार नाही इतक्या कमी मात्रेतही कॅस्पोफंजिनने कॅन्डिडाची भिंत विस्कटते, झाकलेले ग्लुकान उघडे पडते आणि भक्षकपेशी अधिक जोमाने प्रतिसाद देतात. जे औषध स्वतः मारते तेच, दुबळ्या मात्रेत, शरीराला दाखवून देते.

आणि शरीर हे दाखवलेले लक्षातही ठेवते. नेदरलँड्समधल्या नायमेखन इथे मिहाय नेतेआ यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवले, की बीटा-ग्लुकानची भेट एकदा झालेल्या मोनोसाइट पेशी पुढच्या संसर्गाला अधिक तडफेने सामोऱ्या जातात. प्रतिपिंड नाहीत, लिम्फपेशींची स्मृती नाही. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरच्या रासायनिक खुणा बदलतात, आणि काही जनुके हाताशी, अर्धी उघडी ठेवली जातात. स्मृती ही फक्त लिम्फपेशींची मिरास आहे, असे आपण शाळेपासून शिकत आलो. ती मिरास थोडी व्यापक निघाली.

या ओळखीचे वय किती असावे? अश्वनाल खेकडा, ज्याचे पूर्वज चाळीस कोटी वर्षांहून जुन्या खडकांत सापडतात आणि जो आपल्याकडे ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर आजही येतो, त्याच्या निळसर रक्तात असे एक प्रथिन आहे की बीटा-१,३-ग्लुकानचा अत्यल्प अंशही मिळाला तरी रक्त गोठू लागते. फळमाशीकडेही ग्लुकान ओळखणारे प्रथिन आहे. कापूस आणि भात यांना वेगळे करणारी ती क्रमांकांची बारीकशी निवड इतक्या जीवांनी, इतक्या काळापासून आपापल्या परीने वाचली आहे. आणि आपण तेच खेकड्याचे द्रव्य बाटलीत भरून रुग्णाच्या रक्तात बुरशीची साखर आहे का, ते तपासतो.

ही चाचणी उपयोगी आहे, पण तिची मर्यादा महाराष्ट्राने २०२१ मध्ये जवळून पाहिली. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस पसरला. संसदेत दिलेल्या माहितीनुसार त्या जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण झाले आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातले होते. म्युकर-कुळातल्या बुरशींची भिंत वेगळ्या घडणीची असते. तीत कायटिन आणि त्याचेच रूप असलेले कायटोसान भरपूर, पण बीटा-१,३-ग्लुकान फारच थोडे, आणि ॲस्परजिलसची गॅलॅक्टोमॅनान ही साखर तर नाहीच. म्हणून ही चाचणी तिथे बहुधा निगेटिव्ह येते आणि कॅस्पोफंजिनही चालत नाही. पटलातल्या अर्गोस्टेरॉलवर घाव घालणारे ॲम्फोटेरिसिन-बी वापरावे लागते आणि सडलेला भाग शस्त्रक्रियेने काढावा लागतो. त्या दिवसांत इंजेक्शनच्या शोधात वणवण केलेल्या घरांना हे नाव अजून पाठ असेल. आणि म्हणूनच मधुमेह असलेल्या किंवा स्टेरॉइड घेतलेल्या माणसाचा गाल सुजला, बधिर झाला, नाकातून काळपट स्राव येऊ लागला, तर रक्तातली बीटा-ग्लुकान चाचणी निगेटिव्ह आहे एवढ्यावर कोणी निर्धास्त राहू नये. नाकातून किंवा सायनसमधून घेतलेला ऊतीचा तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून, त्यात रुंद, क्वचितच पडदे असलेले आणि काटकोनात फुटणारे तंतू आहेत का, हे सूक्ष्मदर्शकाखाली त्याच दिवशी पाहून घ्यावे लागते.